पूर्व आफ्रिकेतल्या सहा देशांसाठी तंत्रज्ञान आणि संपर्काचं एकच धोरण: सुरुवात कुठून करावी?

मृणाल_पुणे

नमस्कार मंडळी.

मी पुण्यात एका संस्थेच्या तांत्रिक विभागात काम करते. संस्थेचं काम माता-बाल आरोग्याचं. केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा, मलावी आणि इथिओपिया अशा सहा देशांत आमची कार्यालयं आहेत. आजवर प्रत्येक कार्यालयाने मिळेल त्या निधीतून आपापली व्यवस्था उभी केली. युगांडात कंपालाला नोंदी टॅब्लेटवर होतात, मलावीत लिलाँग्वेला अजून रजिस्टर आणि एक्सेल, इथिओपियात अदिस अबाबाला तिसरंच सॉफ्टवेअर. देणगीदारांना सहा देशांचा एकत्र अहवाल हवा असला की आम्ही काही जणी रात्री उशिरापर्यंत आकडे जुळवत बसतो.

आता पुढच्या पाच वर्षांसाठी 'प्रादेशिक तंत्रज्ञान व संपर्क धोरण' तयार करायला सांगितलं आहे. एका सल्लागार कंपनीचा कच्चा मसुदा हातात आहे: सहाही देशांना एकच मोबाइल ॲप, मुंबईत एक मध्यवर्ती सर्व्हर, गरोदर बायकांशी संपर्कासाठी व्हॉट्सॲप, मजकूर आधी इंग्रजीत आणि मग स्वाहिलीत. खर्चाचा तक्ताही नीट जुळवलेला आहे. पण मी केनियात किसुमूच्या बाजूच्या गावांत गृहभेटींना गेले आहे. तिथल्या कितीतरी घरांत एकच फोन होता, तोही बटणांचा, आणि तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात. हा मसुदा वाचताना ती घरं सारखी आठवतात.

तिकडे प्रत्यक्ष काम केलेली कुणी इथे आहेत का? सर्व्हर मुंबईत ठेवावा की तिकडे? ॲप की साधा एसएमएस? सहा देशांचे कायदे वेगळे असताना 'एक धोरण' कशाला म्हणायचं? महिनाअखेरीस मला पहिला आराखडा द्यायचा आहे. सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

अभय_नैरोबी

मृणालताई, मी मूळचा साताऱ्याचा, पेशाने नेटवर्कवाला. नैरोबीत आलो तेव्हा इथलं सगळं इंटरनेट उपग्रहावरून यायचं. त्यामुळे सर्व्हरच्या प्रश्नापासूनच सुरू करतो, तो माझ्या हाडामासाचा विषय आहे.

२००९ पर्यंत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला इंटरनेटची एकही समुद्राखालची केबल नव्हती. त्या वर्षी जुलैत सीकॉम सुरू झाली, पाठोपाठ मोंबासाहून फुजैराला जाणारी टीम्स, आणि २०१० मध्ये ईझी. त्याआधी उपग्रहाच्या एका फेरीतच अर्धा सेकंद जायचा आणि भाडं असं की लहान संस्था दिवसातून ठरावीक वेळीच जोडणी चालू करायच्या. त्याहून मोठी अडचण अशी की नैरोबीतल्या एका कंपनीच्या ग्राहकाने शेजारच्या इमारतीतल्या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेली मेलसुद्धा युरोप-अमेरिकेचा वळसा घालून परत यायची. ती शहरातच वळावी म्हणून इथल्या सेवादारांनी २००० च्या अखेरीस केआयएक्सपी हे एक्सचेंज, म्हणजे सगळ्या इंटरनेट कंपन्यांची जाळी शहरातच एकमेकांना जोडणारी जागा, काढलं. तेव्हाच्या मक्तेदार सरकारी कंपनीने तक्रार केली, नियामकाने ते बंद पाडलं, आणि फेब्रुवारी २००२ मध्ये ते परवाना घेऊन पुन्हा उघडलं. सेकंदाहून जास्त लागणारी फेरी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत आली. इंटरनेट सोसायटीच्या २०२० च्या अहवालानुसार केनियात देशातूनच मिळणाऱ्या वाहतुकीचं प्रमाण २०१२ च्या सुमारास ३० टक्के होतं, ते ७० टक्क्यांवर गेलं. या आकड्यामागे इथल्या अभियंत्यांची वीस वर्षांची चिकाटी आहे. तुमच्या मसुद्यातला मुंबईचा सर्व्हर म्हणजे किसुमूच्या दवाखान्यातली नोंद किसुमूच्याच पर्यवेक्षिकेला दिसण्यासाठी पुन्हा अरबी समुद्र ओलांडणार. माझा त्याला विरोध आहे.

आणि समुद्राचा भरवसा किती, ते २०२४ ने दाखवलं. फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात तीन केबल तुटल्या. १४ मार्चला आयव्हरी कोस्टजवळ चार केबल एकदम गेल्या आणि पश्चिम आफ्रिकेतले देश ठप्प झाले. १२ मे रोजी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ईझी आणि सीकॉम दोन्ही तुटल्या. तो रविवार होता. केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा, मलावी, सगळीकडे जोडणी मंदावली, टांझानियात तर फारच. तुमच्या सहा देशांपैकी समुद्रकिनारा फक्त दोघांना आहे, केनिया आणि टांझानिया. युगांडा, रवांडा, मलावी, इथिओपिया यांना आधी शेजाऱ्याची जमीन ओलांडावी लागते, मग समुद्र. रवांडाच्या किगालीपासून किनारा हजार किलोमीटरहून लांब आहे. वाटेत रस्त्याचं काम करणाऱ्या जेसीबीने फायबर तोडलं की सीमेपलीकडचा देश लंगडतो.

म्हणून माझा सल्ला: मुख्य सर्व्हर नैरोबीतल्या एखाद्या तटस्थ डेटा सेंटरमध्ये, दुसरी प्रत वेगळ्या देशात, आणि आरोग्यसेविकेच्या हातातली नोंदवही, मग ती ॲप असो वा टॅब्लेट, जोडणीशिवाय चालली पाहिजे. रेंज मिळेल तेव्हा माहिती वर जाईल. पुण्याला रोजचा गोषवारा पुरतो. पुण्यातल्या लोकांना सगळं त्या क्षणी दिसायला हवं हा आग्रह सोडलात तर निम्मा खर्च आणि निम्मी डोकेदुखी इथेच संपते.

विजेचं कलम मसुद्यात आहे का तेही बघा. जानेवारी २०२२ मध्ये अ‍ॅना वादळाने मलावीचं कापिचिरा जलविद्युत केंद्र निकामी केलं आणि देशाच्या विजेचा मोठा हिस्सा कित्येक महिने बंद राहिला. केनियात २५ ऑगस्ट २०२३ ला अख्ख्या देशाची वीज गेली, नैरोबीच्या विमानतळासकट. दवाखान्यातला राउटर, फोन चार्जर आणि टॅब्लेट चालेल एवढं सौरपॅनेल आणि बॅटरी, आणि तीन वर्षांनी बॅटरी बदलायचे पैसे. ही ओळ सर्व्हरच्या ओळीच्या वर लिहा.

कायद्यांबद्दल आणि पैशांबद्दल रात्री लिहितो. आत्ता साइटवर जायचं आहे.

सीमा_कंपाला

मृणाल, तुझं ते नवऱ्याच्या खिशातल्या फोनचं वाक्य वाचलं आणि लॉगिन केलं. मी कंपालात आरोग्यविषयक संदेशांचं काम करते, त्यामुळे संपर्काच्या बाजूने बोलते.

व्हॉट्सॲप हा एकमेव मार्ग ठेवू नकोस. युगांडाने १ जुलै २०१८ पासून फेसबुक, ट्विटर, व्हॉट्सॲप वापरायला माणशी रोज २०० शिलिंगचा कर लावला होता. तुला-मला ती रक्कम किरकोळ वाटेल, पण खेड्यातल्या बाईने तेवढ्या पैशांत मीठ किंवा काडेपेटी घेतली. कित्येक जणींनी व्हॉट्सॲप सोडलं ते तेव्हाच. तो कर २०२१ मध्ये गेला आणि त्याजागी डेटावर १२ टक्के आला. त्याच वर्षी जानेवारीत निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी संपूर्ण देशाचं इंटरनेट बंद झालं, ते चार-पाच दिवस. फेसबुक तर त्यानंतरही बंदच राहिलं. त्या दिवसांतही बाळंतपणं झालीच. आमच्याकडे साधे कॉल चालू होते म्हणून स्वयंसेविकांनी फोनवरून कामं निभावली. तुझ्या धोरणात 'इंटरनेट बंद झालं तर' असं स्वतंत्र पान हवं: कोण कुणाला कॉल करणार, नंबरांची छापील यादी कुठे चिकटवलेली असणार, कुठल्या रेडिओ केंद्राशी आधीच बोलून ठेवलंय. इथिओपियासाठी हे पान दुप्पट महत्त्वाचं. तिथे तिग्राईत नोव्हेंबर २०२० नंतर फोन आणि इंटरनेट किती काळ बंद होतं हे सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं, खिशातला फोन. एका फोनवर अख्खं घर असतं असं धरूनच संदेश लिहायचा. 'तुमची एचआयव्हीची गोळी' किंवा 'गर्भनिरोधकाची तारीख' असं काही पडद्यावर कधीच येता कामा नये. आम्ही 'दवाखान्याची भेट गुरुवारी' एवढंच पाठवतो, बाकीचं दवाखान्यात तोंडी. बाईने नोंदणीच्या वेळी स्वतः सांगायचं की फोन कुणाचा आहे, किती वाजता संदेश आलेला चालेल, आणि नकोच असेल तर तसं. हा रकाना फॉर्ममध्ये पहिल्या दिवसापासून हवा. नंतर जोडला की जुन्या हजारो नोंदी तशाच राहतात आणि त्यातल्या एखाद्या बाईला मार खावा लागतो. मी हे उगाच लिहीत नाही.

वाचता न येणाऱ्यांसाठी आवाज. मलावीत 'चिपाताला चा पा फोनी' नावाची हेल्पलाइन २०११ मध्ये बलाका जिल्ह्यात सुरू झाली. बाई फोन करते, पलीकडे प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी चिचेवात बोलते. पुढे आरोग्य मंत्रालयाने ती आपल्याकडे घेतली आणि देशभर नेली. तुमच्या लिलाँग्वे कार्यालयाने स्वतंत्र कॉल सेंटर काढण्यापेक्षा त्यांच्याशीच जोडून घ्यावं असं मला वाटतं.

भाषा: 'इंग्रजी आणि मग स्वाहिली' हे टांझानियाला चालेल, केनियाला बऱ्यापैकी. इथे युगांडात गावच्या बाईशी लुगांडा, अचोली, रुन्यान्कोले बोलावं लागतं. रवांडात किन्यारवांडा, इथिओपियात अम्हारिक, ओरोमो, तिग्रिन्या. आणि यात एक शुद्ध तांत्रिक खर्च लपलेला आहे जो आपल्याला मराठी एसएमएसमुळे माहीत आहे. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. अम्हारिकची गीझ लिपीही तशीच, ७०. ओरोमो रोमन लिपीत लिहितात, तिला १६० मिळतात. म्हणजे त्याच देशात तोच निरोप अम्हारिकमध्ये पाठवायला कधी दुप्पट, कधी तिप्पट पैसे. तुमच्या खर्चाच्या तक्त्यात प्रति संदेश एकच दर धरला असेल तर तो तक्ता चुकलेला आहे.

आणि घड्याळ! स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा. इंग्रजी मजकुरातल्या '८ वाजता'चं कुणी आकड्याला आकडा ठेवून ध्वनिमुद्रण केलं, तर ऐकणाऱ्या बाईला ते दुपारचे दोन वाटतात आणि ती लसीकरण आटोपल्यावर पोचते. इथिओपियातही तास असेच मोजतात. ध्वनिमुद्रित निरोप तयार झाला की तो त्या गावातल्या कुणाला तरी ऐकवून 'तू कधी येशील?' एवढं विचारा. हे काम फुकटात होतं आणि यातून सगळ्यात जास्त चुका सापडतात.

अभय_नैरोबी

सीमाताईंनी लिहिलेलं पान तसंच्या तसं धोरणात टाका, मृणालताई.

आता कायदे. केनिया आणि युगांडा यांचे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे कायदे २०१९ चे, रवांडाचा २०२१ चा, टांझानियाचा २०२२ चा, जो मे २०२३ पासून लागू आहे. मलावी आणि इथिओपिया यांचे २०२४ चे, सगळ्यांत नवे. आफ्रिकी संघाचा सायबर सुरक्षा आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा मलाबो करार २०१४ मध्ये मंजूर झाला, पण १५ देशांची मान्यता पूर्ण होऊन तो अमलात यायला जून २०२३ उजाडला. त्या कराराकडे दिशा म्हणून बघा. रोजच्या कामाला देशाचाच कायदा लागतो.

रवांडाचं कलम वेगळं वाचा. तिथे वैयक्तिक माहिती देशातच साठवायची असा नियम आहे. बाहेर ठेवायची तर त्यांच्या सायबर सुरक्षा प्राधिकरणाचं तसं प्रमाणपत्र हवं. म्हणजे मुंबईचा सर्व्हर काय, माझा नैरोबीचा सर्व्हरसुद्धा किगालीच्या परवानगीशिवाय चालणार नाही. यावर मी सुचवतो ते असं: बाईचं नाव, फोन, गाव, निदान हे सगळं त्या-त्या देशात राहू द्या. सीमेबाहेर फक्त मोजणी जाईल: इतक्या नोंदण्या, इतक्या प्रसूती, इतकी लसीकरणं, जिल्हावार. देणगीदारांना लागतं ते एवढंच. जिल्ह्यातला आकडा पाचाच्या खाली असेल तर तोही पुढे पाठवू नका, कारण छोट्या गावात 'एक एचआयव्हीबाधित माता' म्हटलं की ती कोण ते सगळ्यांना कळतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो: 'एक धोरण' म्हणजे काय? माझ्या मते सहाही देशांत सारखं असायला हवं ते फार थोडं आहे, आणि ते थोडं मात्र कडक असावं. पहिलं, व्याख्या. चार गर्भारपण तपासण्या पूर्ण झाल्या असं कधी म्हणायचं, जन्मतः कमी वजन म्हणजे किती, हे सहाही ठिकाणी एकच. तुमच्या रात्री जागवणारे आकडे जुळत नाहीत ते सॉफ्टवेअर वेगळं म्हणून कमी, आणि एकाच रकान्यात प्रत्येक देश वेगळी गोष्ट भरतो म्हणून जास्त. दुसरं, सुरक्षेची किमान पातळी: कुणाला काय दिसतं, हरवलेला टॅब्लेट दुरून कसा पुसायचा, नोकरी सोडलेल्याचं खातं किती तासांत बंद करायचं. तिसरं, करारातली कलमं: माहिती आमची राहील, उघड्या स्वरूपात परत मिळेल, आणि पुरवठादार बदलायचा झाला तर जुना मदत करील. एका प्रकल्पात पुरवठादाराने दोन वर्षांच्या नोंदी परत द्यायला वेगळे पैसे मागितले होते. संस्थेकडे ते नव्हते. त्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. त्या नोंदींमागे चालून-चालून गोळा केलेली माणसांची माहिती होती, मला अजून त्याचं वाईट वाटतं.

बाकी सगळं, म्हणजे फोन कुठला, ॲप की यूएसएसडी (साध्या फोनवर * आणि # असलेला क्रमांक लावून इंटरनेटशिवाय चालणारी सेवा) की आवाज, पैसे कुठल्या मार्गाने, भाषा कुठली, हे त्या देशाच्या कार्यालयाने ठरवावं. नैरोबीनेही नाही आणि पुण्यानेही नाही.

अजून एक, आणि हे मी फार आग्रहाने सांगतो. सहाही देशांची आरोग्य मंत्रालयं डीएचआयएस-२ हे आरोग्याची आकडेवारी गोळा करायचं सॉफ्टवेअर वापरतात. केनियाने ते २०११ मध्ये देशभर नेलं. रवांडात गावच्या आरोग्यसेविका रॅपिडएसएमएसने साध्या फोनवरून गर्भारपणाच्या नोंदी पाठवू लागल्या, मुसांझे जिल्ह्यात २००९ पासून. केनिया सरकारने २०२३ मध्ये एक लाख आरोग्य प्रवर्तकांना साहित्याबरोबर स्मार्टफोन दिले. अशा ठिकाणी तुम्ही सातवं ॲप घेऊन गेलात तर त्याच बाईला तीच माहिती दोनदा भरावी लागेल. युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०१२ मध्ये सगळ्या नव्या ई-हेल्थ प्रयोगांना स्थगिती दिली होती, कारण देशभर संस्थांचे इतके सुटे-सुटे प्रयोग चालले होते की कुणाचं काय चाललंय ते मंत्रालयालाच कळेना. ती स्थगिती योग्य होती असं माझं स्पष्ट मत आहे. आधी प्रत्येक मंत्रालयाच्या माहिती विभागात जाऊन विचारा की तुमच्या व्यवस्थेत आम्ही कुठे बसतो. उत्तर मिळायला वेळ लागतो. तो वेळ आराखड्यात धरा.

मृणाल_पुणे

अभयदादा, सीमाताई, इतकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. टिपणं काढून आमच्या किगालीच्या सहकाऱ्याला लगेच फोन केला. साठवणुकीच्या प्रमाणपत्राचं तो गेलं वर्षभर ईमेलमधून सांगत होता आणि ते मसुद्यात कुणी घेतलंच नव्हतं.

आणखी दोन गोष्टी विचारते. आरोग्यसेविकांना प्रवासभत्ता आम्ही मोबाइलवरून देतो. मसुद्यात सहा देशांसाठी एकच 'पेमेंट गेटवे' लिहिला आहे, तो शक्य आहे का? आणि यूएसएसडीचा एकच क्रमांक सहा देशांत घेता येतो का?

डॉ_निशिकांत

मी कोल्हापूरचा, निवृत्त फिजिशियन. नोकरीत असताना आफ्रिकेतल्या डॉक्टरांबरोबर दूरवैद्यकाच्या सत्रांत बसलो आहे, म्हणून थोडं लिहितो. पैशांबद्दल अभयराव सांगतीलच.

अख्ख्या खंडाला जोडायचा भारताचा एक मोठा प्रयत्न झालेला आहे, तो तुमच्या वरिष्ठांना जरूर दाखवा. डॉ. कलाम राष्ट्रपती असताना २००४ मध्ये जोहान्सबर्गला पॅन-आफ्रिकन संसदेपुढे त्यांनी ही कल्पना मांडली. पहिला प्रयोग इथिओपियात झाला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्क रीतसर सुरू झालं. टीसीआयएल या भारत सरकारच्या दूरसंचार कंपनीने ते उभारलं. उपग्रहाचं मुख्य भूस्थानक सेनेगलमध्ये डाकारला होतं. चाळीसहून जास्त देश जोडले गेले, इकडच्या विद्यापीठांचे वर्ग आणि रुग्णालयांचा सल्ला तिकडे पोचला. पुढच्या टप्प्यात, २०१९ पासून, उपग्रहाऐवजी वेबवर चालणारी ई-विद्याभारती आणि ई-आरोग्यभारती आली. दहा वर्षांत जमिनीवरची फायबर इतकी पसरली की आधीचा सांगाडाच बदलावा लागला. तुमचं धोरण पाच वर्षांचं आहे, तेव्हा त्यात कुठल्याही एका तंत्राला घट्ट बांधून घेऊ नका.

डॉक्टर म्हणून मला जाणवलं ते असं. पडद्यावर चित्र किती स्वच्छ यायचं यापेक्षा पलीकडच्या डॉक्टरने केस कशी तयार केली आहे यावर सत्राचं यश ठरायचं. ईसीजी आधी पाठवलेला, रक्तदाबाच्या नोंदी ओळीने लावलेल्या, आणि नेमका प्रश्न एक. असं असेल तर वीस मिनिटांत रुग्णाचं भलं व्हायचं. ते नसेल तर तासभर बोलूनही हाती काही लागायचं नाही. शिवाय आपण सुचवलेलं औषध तिथल्या जिल्हा रुग्णालयात मिळतं का, हे आम्ही इकडे बसून धरून चालायचो. तिथली नर्स अदबीने सांगायची की ते इथे नाही. त्यानंतर मी प्रत्येक सत्राआधी त्या देशाची अत्यावश्यक औषधांची यादी मागवून घेऊ लागलो.

तेव्हा माणसांच्या प्रशिक्षणाचा पैसा यंत्रांच्या पैशात मिसळू नका. यंत्रं एकदा घेतली जातात, माणसं बदलत राहतात, आणि दर बदलीनंतर नव्या माणसाला शिकवावं लागतं. माझ्या मते एकूण रकमेचा तिसरा हिस्सा तरी शिकवण्यावर आणि दुरुस्तीवर राखून ठेवा. केनिया, युगांडा, टांझानिया आणि इथिओपिया आपल्याहून अडीच तास मागे आहेत, रवांडा आणि मलावी साडेतीन तास, त्यामुळे पुण्याच्या दुपारी तिकडची सकाळ मिळते. संयुक्त बैठकांना ती वेळ उत्तम.

अभय_नैरोबी

डॉक्टरसाहेब, औषधांच्या यादीचं फार मोलाचं सांगितलंत.

मृणालताई, पैशांचं उत्तर: एक गेटवे दिसायला एक असू शकतो, आत तो सहा वेगळ्या व्यवस्थांशी बोलतो, आणि तसाच तो लिहा. केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा, २००७ पासून, आणि गावोगाव एजंट. युगांडा आणि रवांडात एमटीएन आणि एअरटेल. टांझानियात चार-पाच कंपन्या, पण त्यांच्यात एकमेकांकडे पैसे पाठवायची सोय इतरांच्या आधी झाली. मलावीत एअरटेल मनी आणि टीएनएमचं म्पाम्बा. इथिओपियात टेलेबिर मे २०२१ पासून, एम-पेसा २०२३ पासून. (एअरटेल आफ्रिकेत आलं ते २०१० मध्ये झेनचा १५ देशांतला धंदा विकत घेऊन. इथल्या बऱ्याच लोकांना ती भारतीय कंपनी आहे हे माहीत असतं आणि त्यावरून माझ्याशी गप्पा सुरू होतात.) प्रत्येक देशात चलन वेगळं, मर्यादा वेगळी, पैसे काढायचं शुल्क वेगळं. ते काढायचं शुल्क भत्त्यात धरून पाठवा, नाहीतर ते आरोग्यसेविकेच्या पदराचं जातं. तिचा भत्ता आधीच तुटपुंजा असतो. आणि पैसे ठरलेल्या दिवशी मिळू द्या. तुमच्या सगळ्या धोरणातली तिला रोज दिसणारी गोष्ट तीच आहे.

यूएसएसडीचा सामाईक क्रमांक विसरा. प्रत्येक देशाचा नियामक निराळा, केनियात सीए, युगांडात यूसीसी, टांझानियात टीसीआरए, रवांडात रुरा, मलावीत माक्रा, इथिओपियात ईसीए. त्यांच्याकडे अर्ज, मग प्रत्येक मोबाइल कंपनीबरोबर करार. यात महिने जातात. नैरोबीच्या आफ्रिकाज टॉकिंगसारखे मध्यस्थ बऱ्याच देशांत हे काम एका जोडणीतून करून देतात, त्यांच्याशी बोला, पण सहापैकी कुठल्या देशांत त्यांचा करार खरोखर चालू आहे ते लेखी घ्या. क्रमांक 'फोन करणाऱ्याला फुकट' असेल याची काळजी घ्या. शिल्लक शून्य असताना जो लागत नाही तो क्रमांक बाळंतपणाच्या रात्री कामाचा नाही.

रोमिंगबद्दलही लिहायचं असेल तर: केनिया, युगांडा, रवांडा आणि दक्षिण सुदान यांनी २०१४ मध्ये सामाईक नेटवर्क क्षेत्र केलं आणि सीमेपलीकडच्या कॉलचे दर उतरवले. टांझानिया सुरुवातीला त्यात नव्हता. तुमच्या पर्यवेक्षिका बुसिया-मलाबासारख्या सीमेवर दोन्ही बाजूंना फिरत असतील तर हा मुद्दा रोजच्या खर्चाचा आहे.

एक विनंती करतो. आराखड्याची पहिली बैठक पुण्यात किंवा नैरोबीत घेऊ नका. लिलाँग्वेत घ्या. ज्या कार्यालयात अजून रजिस्टर आहे तिथे सगळे बसले, एका दवाखान्यात दिवस काढला, आणि मग लिहायला घेतलं, तर मसुदा आपोआप वेगळा होईल. आणि मंजुरीच्या पानावर सहाही देशप्रमुखांच्या सह्या हव्यात, नुसत्या 'सल्लामसलत झाली' या ओळीवर भागवू नका.

मृणाल_पुणे

लिलाँग्वेचं मी आज सकाळीच सुचवलं आणि संचालकांनी हो म्हटलं. मुंबईचा सर्व्हर मसुद्यातून काढला आहे, फक्त मोजणी बाहेर न्यायची ही रचना घेतली आहे. सीमाताई, 'इंटरनेट बंद झालं तर' हे पान आमच्या कंपालाच्या टीमने लिहावं असं ठरलं. त्यांना तुमचा सल्ला घ्यायचा आहे, व्यक्तिगत संदेश पाठवते.

एक शेवटचं तांत्रिक. इथिओपियाचं कॅलेंडर तेरा महिन्यांचं आहे. आमच्या डेटाबेसमध्ये प्रसूतीची अपेक्षित तारीख कशी ठेवायची?

अभय_नैरोबी

साठवताना कायम ग्रेगोरियन. भरताना आणि दाखवताना इथिओपियन. आरोग्यसेविकेला तेरावा महिना, पागुमे, यादीत दिसलाच पाहिजे, आणि त्यात पाच किंवा सहाच दिवस असतात हे फॉर्मला कळलं पाहिजे. त्यांचं नवं वर्ष ११ सप्टेंबरला, लीप वर्षाच्या आधीच्या सप्टेंबरात १२ ला सुरू होतं, आणि वर्षाचा आकडा आपल्याहून सात किंवा आठने मागे असतो. जुन्या रजिस्टरमधली वर्षं कुणी ग्रेगोरियन समजून चढवली असतील तर माता सात-आठ वर्षांनी मोठ्या दिसतील. अदिसच्या आयात केलेल्या नोंदींमध्ये आईचं वय ४५ च्या वर किती ठिकाणी आहे ते आधी तपासा. आकडा अवास्तव मोठा आला तर गोंधळ झालेला आहे. रूपांतराचं तयार मॉड्यूल डीएचआयएस-२ वाल्यांकडे आहे, नव्याने लिहू नका. तपासायला मात्र अदिसच्या माणसाला बसवा आणि पागुमेच्या सगळ्या दिवसांच्या तारखा त्याच्याकडून हाताने भरून घ्या.